आसीच्या डोंगरातलं चर्च: सदरमधल्या छोट्या प्रदर्शनासाठी क्रम, मापं आणि टाइलचं पॅनेल

रेघ_आणि_रंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण २४ जानेवारीला. नागपूरच्या सदर भागातलं कॅथेड्रल याच संताच्या नावाचं, म्हणून त्या सुमारास आमचा चित्रकला अभ्यासगट एक छोटं प्रदर्शन मांडतोय. विषय: फ्रान्सच्या साव्हुआ डोंगराळ भागातलं प्लातो द'आसी हे गाव आणि तिथलं नोत्र-दाम द तूत ग्रास हे कॅथलिक चर्च. जागा म्हणजे एक लांबट हॉल, दोन्ही बाजूंना साधारण ३० फूट भिंत आणि समोर १२ फुटांची आडवी भिंत. पाहुणे मुख्यतः शाळेची मुलं, त्यांचे पालक आणि थोडे कलाशिक्षक.

अडचण अशी की तिथे काम केलेल्या कलाकारांची नावं इतकी मोठी आहेत (मातीस, शागाल, लेजे, ब्राक, रुओ) की पॅनेलांची नुसती नामावळी होतेय. तर विचारायचं ते असं. क्रम कसा लावावा? लुर्साचं प्रचंड टॅपेस्ट्री-चित्र (मागावर विणलेलं) आणि रुओच्या काचा कागदावर छापल्या की मेलेल्या दिसतात, त्यावर उपाय काय? मातीसच्या पद्धतीनं आठवी-नववीच्या मुलांकडून टाइलवर एक पॅनेल करून घ्यायचं आहे, त्याच्या पायऱ्या कुणी नीट सांगेल का? आणि शिल्पकार रिशिएच्या, पूर्वी वादात सापडलेल्या क्रूसाचं पॅनेल लावावं की वगळावं, यावर गटात एकमत नाही. सविस्तर लिहा, घाई नाही.

धरमपेठी

क्रम कलाकारांवरून लावूच नका. आजारावरून लावा.

आसी सुमारे १००० मीटर उंचीवर, मों ब्लांच्या रांगेसमोर. १९२०-३० च्या दशकांत तिथे क्षयरोग्यांची सॅनेटोरियमं उभी राहिली, कारण औषध नव्हतं. स्वच्छ हवा, ऊन, विश्रांती एवढाच इलाज. मारी क्यूरी १९३४ साली याच भागातल्या सांसेलमोझ सॅनेटोरियममध्ये वारल्या. त्याच सॅनेटोरियमचे धर्मगुरू झाँ देव्हेमी यांनी रुग्णांसाठी चर्च बांधायला घेतलं. वास्तुरचना मोरिस नोव्हारिना यांची. १९३७ ला सुरुवात, मध्ये युद्ध, आणि विधिवत अभिषेक ४ ऑगस्ट १९५०. गंमत अशी की स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. म्हणजे चर्च पूर्ण होईतो ज्या आजारासाठी ते बांधलं त्याचं औषध निघालेलं होतं, आणि पुढे सॅनेटोरियमं रिकामी होत गेली. पहिल्या पॅनेलवर एवढंच असू द्या: डोंगर, रुग्णालयं, चर्च. एकही मोठं नाव नको.

दुसऱ्या पॅनेलवर इमारत. स्थानिक दगडाच्या जाड भिंती, बसका देह, पुढे जाड खांबांचा ओसरीसारखा भाग आणि बर्फ पेलणारं रुंद उतरतं छप्पर. साव्हुआतल्या शेतकरी घरांची ही ठेवण आहे. ती समजली की लेजेचं मोझेक दर्शनी भिंतीवर इतकं भडक का, हे आपोआप कळतं: ओसरीच्या सावलीत, राखाडी दगडाशेजारी फिके रंग दिसलेच नसते. विषय पवित्र मरियेची लितानी, म्हणजे नामावळीची प्रार्थना: तारा, बाग, मनोरा अशी तिला दिलेली नावं एकेका चिन्हात मांडली आहेत. तिथे मोझेकचा खरा शत्रू गोठणारं पाणी. सांध्यात शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तुकडे उचकटतं, म्हणून सांधे भरलेले राहणं महत्त्वाचं. आपल्याकडे नेमकं उलट, मे महिन्यातली तापलेली भिंत प्रसरण पावून तेच करते.

मग आत. उजवी-डावीकडे मातीस आणि बोनार, दोन बाजूच्या वेद्यांवर. मातीसचा संत दोमिनिक पिवळ्या टाइलांवर काळ्या रेषेत, बोनारचा संत फ्रान्सिस द सेल्स तैलरंगात. हे बोनारचं पॅनेल तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण तेच लहान करतात. हा संत १५६७ साली साव्हुआतल्या तोरांसला जन्मला, १६०२ पासून जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या हाती असल्यामुळे कारभार आन्सीहून. १६२२ ला मृत्यू, १६६५ ला संतपद. त्याच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ साली पिएर-मारी मेर्मिए यांनी आन्सीतच उभा केला, त्यातले धर्मगुरू विशाखापट्टणमला उतरले, आणि त्यांच्याच कामातून पुढे १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला. आसी आजही आन्सीच्या धर्मप्रांतात येतं. म्हणजे सदरच्या नावाचा उगम आणि हे चर्च एकाच डोंगराळ मुलखातले. बोनारच्या चित्राशेजारी नकाशाची एक पट्टी लावा: आन्सी, विशाखापट्टणम, नागपूर. पालक तिथे थांबतील.

समोरच्या १२ फुटी भिंतीवर लुर्सा, आणि त्याच्या पुढ्यात रिशिएचा क्रूस. वगळू तर नकाच, पण 'वादाचा कोपरा' करून बाजूलाही टाकू नका. आसीत तो मुख्य वेदीवर आहे, मागे टॅपेस्ट्री. दोन्ही एकत्र पाहायची असतात. लुर्साचा विषय बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायातली सूर्य पांघरलेली स्त्री आणि अजगर. त्या रंगांच्या गदारोळापुढे एक काळपट, झिजलेला, चेहरा नसलेला देह, जो क्रुसापासून वेगळा काढता येत नाही. यशयाच्या ५३व्या अध्यायात दुःखी सेवकाला रूप नाही, सौंदर्य नाही असं वर्णन आहे, त्याचंच हे रूप. १९५१ साली बाहेरच्या कर्मठ गटांनी ओरड केल्यावर बिशपांनी तो वेदीवरून हलवायला लावला. १९५२ साली रोमहून धार्मिक कलेबद्दल सूचनापत्रच निघालं. वीसेक वर्षांनी क्रूस परत जागेवर आला. ज्यांच्यासाठी चर्च होतं त्या रुग्णांना तो परका वाटला नव्हता, हे पॅनेलवर नक्की लिहा.

शेवटी स्नानसंस्काराची जागा: शागालचं टाइलांवरचं तांबड्या समुद्राचं चित्र (१९५७). आणि शिल्पकार लिप्शित्झची मरिया. दोघेही ज्यू. लिप्शित्झनं तर मूर्तीवरच कोरून ठेवलंय की आपण ज्यू, पूर्वजांच्या श्रद्धेशी एकनिष्ठ, आणि माणसांत सलोखा नांदावा म्हणून ही मरिया घडवली. लेजे आणि लुर्सा कम्युनिस्ट. या सगळ्यांना बोलावण्यामागे दोमिनिकन धर्मगुरू कुत्यूरिए यांचा आग्रह होता: प्रतिभा असलेला अश्रद्ध चालेल, श्रद्धा असलेला सुमार नको.

जुनं_ते_बघा

धरमपेठी यांच्या मांडणीशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक बाजू राहिली. आसीवर टीका फक्त कर्मठांनी केली नाही. कलेच्या जाणकारांचीही तक्रार होती की इथे एकसंधता नाही, प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात आपलं करून मोकळा झाला. मला ती तक्रार पटते. लेजेचं मोझेक आणि बोनारचं चित्र यांचं एकमेकांशी काही बोलणं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँसच्या चॅपेलमध्ये मातीसनं काच, टाइल, वेदी, अगदी धर्मगुरूंची वस्त्रंसुद्धा एकहाती केली (१९४८ ते १९५१), तिथली शांतता आसीत नाही. मुलांना हा फरक दाखवायला एक छोटं तुलनेचं पॅनेल ठेवा.

आणि त्याच ओघात धोक्याची सूचना: इंटरनेटवरून फोटो उचलताना गफलत हमखास होते. व्हाँसचा संत दोमिनिक पांढऱ्या टाइलांवर, पूर्ण उभा, चेहरा कोरा. आसीचा पिवळ्यावर. पांढरी पार्श्वभूमी दिसली की तो फोटो बाद. दुसरा गोंधळ फ्रान्समधल्याच ओदँकूरच्या चर्चचा. तेही नोव्हारिनाचंच, तिथेही लेजे आणि बाझेन (हाही आसीत काम केलेला चित्रकार) आहेत, पण लेजेच्या तिथल्या गाजलेल्या कामात काचा आहेत. लेजेची काच दिसली तर ती आसीची नव्हे.

भट्टी_आणि_माती

टाइलच्या पॅनेलबद्दल.

माप लहानच ठेवा. १५ सेंमीच्या चौकोनी १२ टाइल, तीन आडव्या आणि चार उभ्या. साधारण ४५ बाय ६० सेंमी होतं. रेषा जाड हवी, मुलांचा हात मोकळा चालायला हवा, आणि एखादी टाइल फुटली तरी तेवढीच परत करता यावी. तीन-चार टाइल जास्तीच्या ठेवा. रंग पिवळा हवा असेल तर पिवळी ग्लेझ (वरचा काचेरी थर) असलेलीच टाइल घ्या. पांढरीवर पिवळा फासायला गेलात तर ब्रशचे पट्टे दिसतात आणि सगळी नजर तिकडेच जाते. दुकानातून आणलेली एक टाइल आधी एकटी भाजून पाहा, कारण काही स्वस्त टाइलांवरचा रंग दुसऱ्या भाजणीत बदलतो.

आधी कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन. मातीस लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून भिंतीवर काढायचा, म्हणजे मनगट बाद होऊन खांद्यातून रेषा येते. मुलांना तीन फुटी काठी द्या आणि दहा-पंधरा कागद खराब करू द्या. त्यातली एकच रेष निवडायची. टाइलवर खोडून सुधारलेली रेष लगेच ओळखू येते.

टाइल जमिनीवर मांडताना मधे २ मिमीचे स्पेसर आत्ताच घाला. हे विसरलं की रेषा जोडून काढल्या जातात, नंतर भिंतीवर ग्राउटची (सांधे भरायच्या लेपाची) फट आली की नाक एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. मागच्या बाजूला भाजणीत न जाणाऱ्या रंगानं क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण. साधं मार्कर भट्टीत उडून जातं. टाइल स्पिरिटनं पुसायच्या आणि मग वरच्या भागाला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलावर रंग धरत नाही, रेष मधेच आकसते.

ऑनग्लेझचा (ग्लेझच्या वर लावायचा) काळा रंग माध्यमात दाट सायीइतका कालवा. फार पातळ झाला तर भाजल्यावर तपकिरी दिसतो, फार जाड झाला तर फोड येतात किंवा पापुद्रा निघतो. पूर्ण वाळू द्या. भिंतीच्या टाइलचं अंग सच्छिद्र असतं, पाणी पितं, म्हणून भट्टीत आधी शंभरेक अंशांवर तासभर कोरडं करून घ्या, नाहीतर आतली वाफ टाइल फोडते. मग तासाला १०० ते १५० अंश या गतीनं चढवत ७५० ते ८०० अंशांपर्यंत, रंगाच्या डब्यावर जे लिहिलंय ते प्रमाण मानून. साधारण ५०० अंश होईतो झाकण किंवा झरोका थोडा उघडा, कारण माध्यम जळून धूर होतो आणि तो आत कोंडला तर ग्लेझ मळकट होते. भट्टी थंड व्हायला रात्रभर द्या. सगळ्यात जास्त टाइल फुटतात त्या इथे, बघायची घाई झाल्यानं. आतलं तापमान १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

भट्टीची सोय नसेल तर घरगुती ओव्हनमध्ये पक्के होणारे सिरॅमिक रंग मिळतात, साधारण दीडशे अंश आणि अर्धा-पाऊण तास. टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवून मग चालू करायचा. प्रदर्शनाला पुरेसे आहेत, बाहेरच्या भिंतीला नाहीत. शाळेच्या फाटकावर लावायचं असेल तर भट्टीच पाहा. भद्रावतीला मातीकामाची परंपरा आहे, तिकडे विचारून बघायला हरकत नाही. नेताना टाइल आडव्या रचू नका, उभ्या लावा, मधे वर्तमानपत्राच्या घड्या.

काचकमान

रुओ कागदावर मरतो कारण त्याची काच उजेड आरपार जाऊ देऊन दिसते, परतवून नाही. रुओ पोरवयात काचचित्रांच्या कारखान्यात उमेदवार होता, त्याच्या तैलचित्रांतल्या जाड काळ्या रेघांची मुळंही तिथेच शोधतात. आसीच्या काचा प्रत्यक्षात पोल बोनी यांनी उतरवल्या. सांगतात की अपमानित ख्रिस्ताची काच १९३९ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात देव्हेमी आणि कुत्यूरिए यांना दिसली आणि ती आसीच्या तयार खिडकीत जशीच्या तशी बसली.

करायचं असं. पारदर्शक नव्हे, दुधी बॅकलिट फिल्मवर छापा, आणि छपाईवाल्याला दुप्पट शाई मारायला सांगा. साधी छपाई मागून उजेड दिला की धुतल्यासारखी होते. पेटी प्लायची, आतून पांढरी रंगवलेली. एलईडी पट्ट्या आणि दुधी अॅक्रिलिक यांच्यात ८ ते १० सेंमी अंतर, कमी ठेवलंत तर दिव्यांचे ठिपके ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर उठतात. ५००० ते ६५०० केल्विनचा पांढरा उजेड घ्या. पिवळसर घेतलात तर रुओचा निळा मरेल आणि लाल उगाच पेटेल. मागच्या बाजूला वर-खाली हवेची भोकं ठेवा. आणि त्या पेट्यांसमोरची ट्यूबलाइट बंद. हे शेवटचं कुणीच करत नाही.

खऱ्या काचेची कृती मुलांना चार वाक्यांत सांगता येते. रंगीत काचेचे तुकडे कापायचे. धातूच्या ऑक्साइडची आणि काचेच्या पुडीची काळपट लेप-रंगाई चढवायची, ती ६०० ते ६५० अंशांना भाजायची. इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाच्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा, मग पुट्टी. भाजणी कमी पडली तर रंगाई काही वर्षांत पुसली जाते, जास्त झाली तर काच लोळते.

आता लुर्सा. मूळ सुमारे १२ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच. एकास दहा प्रमाणात घेतलं तर १२० बाय ४५ सेंमी, तुमच्या भिंतीवर ते पोस्टकार्ड दिसेल. एकास चार घ्या: ३ मीटर बाय १.१ मीटरच्या आसपास, १२ फुटांत नीट बसतं. मुख्य म्हणजे ते सपाट लावू नका. आसीत ते वेदीमागच्या वळणदार भिंतीवर आहे, त्यामुळे दोन्ही कडांची झाडं (एक नंदनवनाचं, एक इशायचं म्हणजे येशूच्या वंशावळीचं) बघणाऱ्याला कवेत घेतात. ३ मिमीच्या फोमशीटवर चिकटवून दोन्ही टोकं फूटभर पुढे ओढा. छपाई कापडावर, मॅट. चमकदार फ्लेक्स अजिबात नको राजेहो.

विणकाम समजावताना आपल्या कोष्टी विणकरांचे शब्द वापरा, नागपुरात ते मुलांच्या कानावरचे आहेत. टॅपेस्ट्री विणणाऱ्या ओब्यूसाँ या फ्रेंच गावात माग आडवा, ताणा (लांबीचे धागे) दोन रुळांवर ताणलेला, आणि चित्राचा आराखडा ताण्याखाली उलटा ठेवलेला, कारण विणकर मागच्या बाजूनं विणतो. ताणा शेवटी पूर्ण झाकला जातो, दिसतो तो फक्त बाणा (आडवे धागे). बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, आपल्या रंगाच्या हद्दीत जाऊन परत फिरतो. दोन रंगांची उभी हद्द आली की तिथे फट पडते, ती नंतर हातानं शिवतात. वर्षानुवर्षं टांगल्यावर आधी उसवतात त्या याच शिवणी, कारण सगळं वजन त्यांच्यावर येतं. लुर्सानं सुधारणा केली ती अशी: शेकडो छटांऐवजी मोजक्या, प्रत्येकीला क्रमांक, आणि आराखड्यावर रंगाऐवजी क्रमांकच. ताणाही जाडसर, सेंटीमीटरला पाचेक. लांबून बघायचं काम आहे, बारीक विणून खर्च वाढतो आणि जोर कमी होतो.

रेघ_आणि_रंग

सगळ्यांचे आभार. क्रम बदलला, क्रूस मधे आला. आता एक कोरडा प्रश्न: या सगळ्यांच्या प्रतिमा मोठ्या छापून लावायला हक्काची काही अडचण? प्रवेश मोफत आहे, पण पॅनेलांच्या पोस्टकार्डांची विक्री करावी असं एकीचं म्हणणं आहे.

कलम_बावीस

पोस्टकार्डांवर अडाल. भारतात कलाकृतीचा हक्क (कॉपीराइट) कलाकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. बोनार १९४७, मातीस १९५४, लेजे १९५५, रुओ १९५८, रिशिए १९५९, ब्राक १९६३: हे इथे मोकळे. लुर्सा १९६६ ला वारला, म्हणजे २०२६ च्या अखेरपर्यंत हक्क शाबूत. लिप्शित्झ १९७३, म्हणजे २०३३ संपेपर्यंत. शागाल १९८५, म्हणजे २०४५ संपेपर्यंत. बाझेन तर २००१ ला गेला, तो विषयच सोडा.

पण हे झालं मूळ कृतीचं. फोटोचा हक्क फोटोग्राफरचा वेगळा. मातीस मोकळा असला तरी कुणाच्या संकेतस्थळावरून उचललेला मातीसचा फोटो मोकळा नसतो. मुक्त परवान्याचे फोटो शोधा, परवान्यात नाव देण्याची अट असेल तर पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात १२ पॉइंटात का होईना द्या, आणि व्यावसायिक वापराला मनाई असलेला फोटो पोस्टकार्डावर घेऊ नका.

सोपा मार्ग: पोस्टकार्डं मुलांनी केलेल्या टाइलच्या पॅनेलची काढा. मुलांच्या पालकांची लेखी परवानगी मात्र घ्या, हक्क मुलांचा आहे. लुर्सा आणि शागालसाठी फ्रान्समधल्या हक्क-संस्थेला ईमेल करून प्रदर्शनापुरती परवानगी मागायची, त्यात पॅनेलचं माप, दिवस, प्रवेश मोफत असल्याचा उल्लेख आणि पुनर्मुद्रण होणार नसल्याची खात्री लिहा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीआधी पाठवा. परवानगी नाहीच आली तर शागालच्या पॅनेलवर प्रतिमेच्या जागी टाइलांच्या मांडणीचा तुम्हीच काढलेला मोकळा आराखडा आणि वर्णन ठेवा.

धरमपेठी

आराखडा ठेवलात तर खाली निर्गमाच्या १४व्या अध्यायाचा संदर्भ द्या, म्हणजे मुलं घरी जाऊन शोधतील. आणि बोनार लहान करू नका, पुन्हा सांगतो.

भट्टी_आणि_माती

ग्राउट पांढरं नको. पिवळ्या टाइलला फिकट राखी घ्या, नाहीतर पांढऱ्या जाळीत रेष अडकल्यासारखी दिसते.